ओझोनचे ‘छिद्र’, ‘विवर’ की नुसताच ‘विरळ थर’?

एका वाचकाची शंका अशी आहे: अंटार्क्टिकावरील ओझोनविषयी लिहिताना कोणी ‘छिद्र’ म्हणतो, कोणी ‘विवर’, कोणी ‘भगदाड’, तर कोणी ‘ओझोनचा थर विरळ झाला’ असे लिहितो, यांपैकी बरोबर कोणते, आणि थर विरळ होत असेल तर बातमीत त्याची ‘जाडी’ कशी देतात? शंकेचा दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. शब्दांचा हा घोळ ओझोन मोजण्याच्या रीतीतूनच निर्माण झालेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागेल.

‘थर’ म्हटले की दुधावरच्या सायीसारखे काहीतरी डोळ्यांसमोर येते: वरची-खालची कड असलेले आणि एकाच पदार्थाचे. ओझोनचे तसे नाही. साधारणपणे 15 ते 35 किलोमीटर उंचीच्या पट्ट्यात तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त असतो एवढेच. आणि त्या पट्ट्यातही हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे ओझोनचे रेणू फार तर आठ-दहा सापडतात. एवढ्या विखुरलेल्या वायूला जाडी कुठून असणार? म्हणून शास्त्रज्ञांनी ती मानून घेतली. जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या उभ्या स्तंभातला सगळा ओझोन वेगळा काढून शून्य अंश सेल्सिअस तापमानाला आणि समुद्रसपाटीवरच्या दाबाला पसरला, तर त्याचा जो थर होईल त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगायची. त्या एका भागाला ‘डॉबसन एकक’ म्हणतात. जगाची सरासरी सुमारे 300 एकके, म्हणजे अवघे तीन मिलिमीटर. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या कागदपत्रांत ‘मानीव अभिहस्तांतरण’ असते, त्याच अर्थाने ही ‘मानीव जाडी’ आहे.

मराठीत ‘पातळ’ आणि ‘विरळ’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही येथे मोठीच सोय आहे. कापड पातळ असते, वस्ती विरळ असते. पहिल्यात जाडी कमी, दुसऱ्यात दाटी कमी. आकाशात प्रत्यक्ष घडते ते विरळ होणे, कारण पट्ट्याची उंची बव्हंशी तीच राहते आणि त्यातले रेणू घटतात. डॉबसन एककांतला आकडा मात्र त्याच घटनेला पातळ होण्याच्या भाषेत मांडतो. त्यामुळे ‘ओझोन विरळ झाला’ आणि ‘मानीव थराची जाडी 150 एककांवर आली’ ही दोन्ही वाक्ये बिनचूक आहेत. ‘विरळ थराची जाडी’ हा शब्दप्रयोग तेवढा टाळावा, कारण त्यात दोन्ही रीतींची सरमिसळ होते.

आता मोजायचे कसे, ते पाहू. ऑक्सफर्डच्या जी. एम. बी. डॉबसन यांनी 1920 च्या दशकात घडवलेल्या वर्णपटमापीची युक्ती साधी आहे. ओझोन काही अतिनील किरण आधाशासारखे शोषतो, तर त्यांच्या शेजारच्या काहींना फारसा हात लावत नाही. सूर्यप्रकाश यंत्रात घेऊन लोलकाने फोडायचा, 305.5 आणि 325.4 नॅनोमीटर अशा तरंगलांबींची एक जोडी निवडायची आणि दोन्हींच्या तीव्रतेची तुलना करायची. निरीक्षक एक तबकडी हळूहळू फिरवतो, तशी आतली काळसर पाचर सरकून बलवान किरण दाबत जाते. दोन्ही सारखे झाले की विद्युतमापीचा काटा शून्यावर येतो. तबकडीवरचा तो अंक टिपून, सूर्य क्षितिजापासून किती वर आहे हे लक्षात घेऊन, त्यावरून ओझोन काढतात. ध्रुवाजवळ हिवाळ्यात सूर्य महिनोन्‌महिने उगवतच नाही. तेव्हा पौर्णिमेच्या आसपास चंद्रप्रकाशावर काम भागवावे लागते.

अंटार्क्टिकातील हॅली बे या ब्रिटिश केंद्रावर आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या सुमारास, म्हणजे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात, हे मापन सुरू झाले आणि नेटाने चालू राहिले. जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी मे 1985 मध्ये जाहीर केले की तेथील ऑक्टोबरची सरासरी सुमारे 300 एककांवरून 200 च्या आसपास घसरली आहे. जपानच्या शोवा केंद्रावरील शिगेरू चुबाची यांनी 1982 मधली असामान्य घट 1984 मध्येच मांडली होती, पण तिची फारशी दखल घेतली गेली नाही. निंबस-7 उपग्रहाची कमी आकड्यांची निरीक्षणे ‘संगणकाने फेकून दिली’, असे अजूनही लिहिले जाते. प्रत्यक्षात 180 एककांखालच्या नोंदींवर ‘संशयास्पद’ अशी खूण होत होती, आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. म्हणून तर पुढे त्यांवरून संपूर्ण खंडाचा नकाशा काढता आला.

‘छिद्र’ हा शब्द त्या नकाशाचा आहे, आणि आज त्याला पक्की व्याख्या आहे: जेथे एकूण ओझोन 220 एककांपेक्षा कमी भरतो, तो प्रदेश. ही संख्या निवडण्याचे कारण असे की, 1979 पूर्वीच्या अंटार्क्टिकावरील नोंदींत तिच्याखालचा आकडा आढळत नाही. म्हणजे छिद्राचा काठ ही नकाशावरची समरेषा, अर्थात सारख्या आकड्याची ठिकाणे जोडणारी रेषा आहे, आणि काठाच्या आत ओझोन नाहीसा होत नाही. सप्टेंबर 2000 मध्ये या रेषेने जवळजवळ 3 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सुमारे नऊपट क्षेत्र वेढले होते. आणि 1994 मध्ये नोंदलेला नीचांकही 73 एकके होता, शून्य नव्हे.

या दृष्टीने ‘विवर’ मला पटत नाही. लोणारचे विवर, कृष्णविवर या वापरांमुळे त्या शब्दाला खोली आणि भिंती चिकटलेल्या आहेत. ‘भगदाड’ तटबंदीला पडते; त्यात कोणीतरी आघात केल्याचा भाव आहे आणि तो मथळ्यापुरता ठीक. ‘छिद्र’ आकाराने लहान वाटते ही तक्रार खरी असली, तरी तो शब्द रुळला आहे, व्याख्येला बांधलेला आहे आणि ‘छिद्राचे क्षेत्रफळ’ असे सहज लिहिता येते. मी तोच ठेवीन.

गंमत अशी की, अक्षरशः छिद्र म्हणावे असे काही असेल, तर ते नकाशात नाही, उभ्या छेदात आहे. फुग्याला बांधून सोडलेल्या ‘ओझोनसोंड’ या ओझोनमापक उपकरणामध्ये एक लहान पंप बाहेरची हवा पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणात सोडतो. ओझोनच्या प्रत्येक रेणूमागे आयोडीन सुटते, त्यातून अत्यल्प विद्युतप्रवाह वाहतो आणि तो आकडा रेडिओने खाली येतो. भारतीय बनावटीच्या अशा उपकरणाचा विकास पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात अ‍ॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली झाला, आणि भारताच्या अंटार्क्टिक केंद्रावरूनही ओझोनसोंड सोडले गेले आहेत. दक्षिण ध्रुवावर ऑक्टोबरात फुगा सोडला की 14 किलोमीटरपर्यंत ओझोन लागतो, पुढे जवळजवळ 20 किलोमीटरपर्यंत आलेख शून्याला टेकतो आणि वर पुन्हा ओझोन सापडतो.

क्रियापदाबद्दल कोणी विचारत नाही, पण खरी चूक तेथे होते. ‘छिद्र पडले आहे’ याने ते कायमचे पडल्याचे वाटते. लिहावे ‘छिद्र पडते’. ध्रुवीय हिवाळ्यात तापमान उणे 78 अंशांखाली गेल्यावर स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा पट्टा जेथे असतो त्या वातावरणाच्या वरच्या थरात, ढग बनतात, त्यांच्या कणांवर क्लोरोफ्लुरोकार्बन या मानवनिर्मित वायूंतून आलेला क्लोरीन मोकळा होण्याच्या बेतात येतो, आणि ऑगस्टच्या सुमारास ऊन परतले की ओझोनचा फडशा सुरू होतो. नोव्हेंबर-डिसेंबरात ध्रुवाभोवतीचा वाऱ्यांचा भोवरा मोडतो, बाहेरची ओझोनयुक्त हवा आत शिरते आणि छिद्र अक्षरशः ‘भरून येते’.

‘बुजले’ हे क्रियापद मात्र फसवे आहे. 2020 च्या वसंतात उत्तर ध्रुवावर मोठी घट झाली आणि एप्रिलअखेर ती ओसरली, तेव्हा ‘टाळेबंदीमुळे ओझोनचे छिद्र बुजले’ असे संदेश मराठीतही भरपूर फिरले. ओसरण्याचे कारण भोवरा मोडणे हे होते. वाहने थांबण्याशी त्याचा संबंध नव्हता. दरवर्षीच्या या क्रियेसाठी ‘भरून येणे’ राखून ठेवावे आणि अशा ओझोननाशक वायूंवर निर्बंध घालणाऱ्या 1987 च्या माँट्रियल करारानंतर चाललेल्या दीर्घ सुधारणेसाठी ‘पूर्ववत होणे’ वापरावे. 2022 च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार अंटार्क्टिकावरचा ओझोन 1980 च्या पातळीवर येण्यास सुमारे 2066 साल उजाडेल. तोपर्यंत छिद्र दर वर्षी पडेल आणि दर वर्षी भरूनही येईल.