एरोबिक व्यायाम कोणी शोधला? त्याचे फायदे काय? शेतात राबणाऱ्यालाही तो लागतो का?

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसलो. याच गोष्टीवरून माझं आणि मोठ्या भावाचं दहा वर्षं वाजतंय. हो, एरोबिक म्हणजे झपझप चालणं, पळणं असा दम वाढवणारा व्यायाम शेतकऱ्यालाही लागतो. आजच्या शेतकऱ्याला तर लागतोच.

मी अमळनेर तालुक्यातला, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास झपझप चाला. पहाटे शिवेपर्यंत जायला लागलो. आठवडाही झाला नव्हता, पारावर चार लोकांसमोर भाऊ म्हणाला, "आपला बाप कधी पयाले गयथा का?" सगळे हसले. मला ते फार लागलं.

अरे, बाप पळायला गेला नाही, कारण तो दिवसभर नांगरामागे चालायचा. मळ्यात पायी जायचा, पायी यायचा. तू बांधापर्यंत मोटरसायकलवर जातोस. नांगरटी ट्रॅक्टरची, पाणी ठिबकचं, वेचणीला मजूर. कापसाचं गाठोडं तू आजही माझ्यापेक्षा सहज उचलतोस, ते मी कधी नाकारलं नाही. पण ताकद वेगळी आणि दम वेगळा.

हे चैत्रात दिसलं. आम्ही वणीच्या गडावर पायी निघालो होतो. दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या पुढे भाऊ एका निंबाखाली बसला तो उठेना. टोपी हातात, ओठ कोरडे, सदरा पाठीला चिकटलेला. मी त्याचं मनगट धरलं आणि घड्याळ लावून मोजलं. पाच मिनिटं बसूनही ठोके 110 च्या वर. माझे तोवर खाली आले होते. त्याला सामानाच्या टेम्पोत बसवलं. तो तोंड फिरवून बसला. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

शोधाचं म्हणाल, तर चालणं-पळणं कोणी शोधलेलं नाही. 'एरोबिक' हा शब्द पाश्चरने एकोणिसाव्या शतकात हवेवर जगणाऱ्या जंतूंसाठी वापरला. व्यायामाला तो लोकप्रिय केला अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी, 1968 साली. बारा मिनिटांत माणूस किती अंतर पळतो त्यावरून दम मोजायची चाचणी त्यांचीच. गाण्यावरचं एरोबिक्स 1969 च्या सुमाराला जॅकी सोरेन्सन यांनी सुरू केलं. पण मला पटलं ते त्याआधीचं, 1953 सालचं. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो, हे जेरी मॉरिस यांनी दाखवलं. सव्वीस वर्षं त्याच सीटवर काढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल!

फायदा असा, की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी लागतात. स्नायू रक्तातली साखर चांगली ओढून घेतात. रक्तदाब उतरतो, झोप लागते. झोपेतून उठल्यावरचे माझे ठोके 82 होते, वर्षभरात 66 वर आले. आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. जिमचे पैसे कशाला लागतात? सायकल, पोहणं, दोरीवरच्या उड्या, काहीही चालेल.

एक राहिलं. गोळ्या मनाने बंद करू नका, माझ्या चालूच आहेत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर-गूळ ठेवावा. छातीत दुखलं तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. आपल्याकडे वैशाखात ऊन तापल्यावर बाहेर पडूच नका, पहाटेच उरका. भावाला बीपी आहे, म्हणून त्याला एकदम पळवणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग शिवेपर्यंत नुसतं चालायचं, असं वहिनीशी बोलणं झालंय. तो अजून हो म्हणालेला नाही.