कॅसेट तुमची, टेप त्याचा

*ताई, मी धरमपेठेत राहतो, वय 54. कॉलेजच्या मित्रांच्या ग्रुपवर आम्ही रॉकचे जुने लाइव्ह व्हिडिओ आणि आठवणी टाकतो. दर 13 जुलैला मी 1985 च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीतला क्वीन बँडचा कार्यक्रम टाकतो. यंदा एका मित्राने लिहिलं, "साऱ्या जगाने पाहिलेलं काय टाकतोस?" त्यावरून मुंबईच्या रंगभवनचा विषय निघाला. आम्ही दोघं विदर्भ एक्सप्रेसने तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला गेलो होतो. साल 1991 की 1992, शेवटी कुठला बँड वाजला, यावरून भांडण पेटलं. त्याने मला फेकू म्हटलं, मी ग्रुप सोडला. तिथे केलेलं रेकॉर्डिंग गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत पडलंय. कॅसेट माझी, टेप त्याचा. ते धूड तो अजून सांभाळून बसलाय. चूक कुणाची? – रुसलेला रॉकर*

भाऊ, चूक कुणाची ते मरू द्या. टिनाच्या खोलीत कॅसेट? नागपुरात? नवतपा बाहेर 45 अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल! तीन ओळी फेकूवर आणि कॅसेटवर अर्धी, हा कुठला हिशोब?

आणि मित्र टोचून बोलला, पण खरं बोलला. क्वीनची ती वीसेक मिनिटं कुठेही जात नाहीत. रंगभवनची तुमची फीत जगात एकच आहे.

आता तुम्ही ओघात लिहिलेलं: टेप त्याचा. ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं, त्याच्या हेडचा, म्हणजे फितीला टेकून आवाज टिपणाऱ्या भागाचा, कोन त्या फितीत उतरलेला असतो. दुसऱ्या मशीनवर तो जुळला नाही, की झांजा गायब आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा. म्हणजे तुमची कॅसेट सगळ्यात चांगली वाजेल ती त्याच्याच घरी. ते धूड टिकलंय, हे तुमचं नशीब.

आजच कॅसेट खाली आणा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका, हेड माखतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. नसेल तर जिथे फीत उघडी दिसते त्या कडेच्या मधोमध, फितीच्या मागे बघा: तांब्याच्या पट्टीवर नखाएवढी नमद्याची गादी आहे का? उन्हाने गोंद सुकतो, ती गळून पडते, आणि फीत हेडला टेकतच नाही. गळली असेल किंवा प्लास्टिक वाकलं असेल, तर पाच स्क्रूवाली जुनी कॅसेट उघडून फीत तिच्यात बसवा. ती 90 मिनिटांची असेल तर फार जपून. 60 मिनिटांच्या कॅसेटपेक्षा तिची फीत पातळ असते.

टेपचा रबरी बेल्ट इतक्या वर्षांत सैल झालाच असेल, नाहीतर डांबरासारखा चिकट. सीताबर्डीवरच्या दुरुस्तीवाल्याकडून आधी तो बदलून घ्या. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाने पुसा. फीत पेन्सिलीने थोडी फिरवून मोकळी करा, एकदा टोकापर्यंत पुढे, एकदा मागे, मगच प्ले. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका, आवाज फाटतो. लाइन-इन (टेपसारख्या यंत्राचा आवाज घेणारं भोक) असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 48,000 हर्ट्झ, 24 बिट, लेव्हल उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. दीड तासाची वेव्ह फाइल साधारण दीड जीबी होते. खरखर काढायची घाई नको. आधी आहे तशी जपा, मग प्रतीवर हात चालवा.

तेव्हा या रविवारी कॅसेट खिशात घालून त्याच्या दारात उभे राहा. फोन करून विचारत बसू नका, बोलता बोलता पुन्हा 1991 निघेल. आत गेल्यावर एवढंच म्हणा, "टेप काढ." शेवटी कोण वाजलं ते ऐकूच येईल. साल मात्र फितीवर नसतं. ते तेव्हा कव्हरवर पेनाने लिहायचं राहिलं असेल, तर चहा पिताना भांडा.