‘इथं होत नाही, नागपूरले न्या’: दवाखान्यातला भेदभाव आणि कायदा

आरोग्यसेवेत मिळणाऱ्या वेगळ्या वागणुकीबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली सहा इथे घेते, नावं-गावं गाळून. उत्तरांआधी एक गोष्ट. ‘दवाखान्यात भेदभाव केला तर अमुक शिक्षा’ असं सांगणारा एकच कायदा आपल्याकडे नाही. संविधानातले अनुच्छेद 14 (समानता), 15 (भेदभावबंदी), 17 (अस्पृश्यताबंदी) आणि 21 (जगण्याचा हक्क) हा पाया. त्यावर जातीसाठी एक कायदा, एचआयव्हीसाठी दुसरा, दिव्यांगांसाठी तिसरा, ज्येष्ठांसाठी चौथा. तक्रार कुठे करायची तेही प्रत्येकाचं वेगळं. म्हणून ‘आमच्याशी वाईट वागले’ एवढ्यावर भागत नाही. कशापायी वागले ते आधी ठरवावं लागतं, आणि ते कागदावर आणावं लागतं.

भावाचं हर्नियाचं ऑपरेशन तालुक्याच्या खासगी दवाखान्यात ठरलं होतं. रक्ताचा रिपोर्ट आला, एचआयव्ही निघाला, अन् डॉक्टर म्हणे, इथं होत नाही, नागपूरले न्या. फाइलवर लाल पेनानं गोल केला. चार दिवसांत गावाले माहीत झालं. आता पिठाच्या गिरणीवर माझं दळण वेगळं ठेवतात. – एक बहीण, यवतमाळ जिल्हा

ताई, तुमच्या पत्रात एक नाही, चार गोष्टी आहेत. चारही एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, 2017 मध्ये बसतात. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे.

पहिली गोष्ट, चाचणी. समजावून सांगून, संमती घेऊनच ती करता येते. ‘इतर रक्तासोबत करून घेतली’ चालत नाही, आणि चाचणी केली तरच उपचार देऊ अशी अट घालता येत नाही. दुसरी, नकार. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं हा कलम 3 प्रमाणे भेदभाव, मग दवाखाना सरकारी असो की खासगी. तिसरी, तो लाल गोल. फाइल कंपाउंडर हाताळतो, आया हाताळते, मेडिकलवाला पाहतो. त्या एका गोलानं तुमच्या भावाचा आजार वाचता न येणाऱ्यालाही वाचता आला. अशी माहिती सांभाळून ठेवणं ही दवाखान्याची जबाबदारी आहे. चौथी, गिरणी. रुग्णासोबत राहणारी व्यक्तीही या कायद्यानं ‘संरक्षित’ आहे आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या सेवेत तिला वेगळं काढता येत नाही. दोघं एका घरात राहत असाल तर कायदा तुमच्यासाठीही आहे.

करायचं काय? आधी ऑपरेशन. तक्रारीपायी ते लांबवू नका. भाऊ एचआयव्हीची औषधं देणाऱ्या ज्या एआरटी सेंटरला जातो (जात नसेल तर आजच नाव नोंदवा) तिथल्या समुपदेशकाला सांगा. ते यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलून तारीख घेऊ शकतात. मग त्या डॉक्टरांकडे जाऊन एवढंच म्हणा, ‘इथं होत नाही हे कारणासह लिहून द्या.’ ते लिहून देणार नाहीत बहुधा. तुम्ही मागितल्याची तारीख मात्र तुमच्या वहीत असू द्या, सोबत कोण होतं तेही.

वीस किंवा जास्त माणसं काम करत असलेल्या दवाखान्यात तक्रार अधिकारी नेमावाच लागतो. तालुक्याच्या दवाखान्यात तेवढी माणसं क्वचितच असतात. अशा वेळी तक्रार जाते या कायद्याखालच्या लोकपालाकडे. त्याने 30 दिवसांत आदेश द्यायचा असतो. तातडीच्या उपचाराचा प्रश्न असेल तर शक्यतो 24 तासांत. अर्ज लिहायला जिल्हा रुग्णालयातलं एड्स नियंत्रण पथक, म्हणजे डापकू, मदत करतं. फोनवर बोलायचं तर 1097. प्रकरण कोर्टात गेलंच तर नाव झाकून चालवण्याची मागणी करता येते.

कायद्याची कमजोर बाजूही सांगते. नुसत्या नकाराला यात थेट तुरुंग नाही. लोकपालाचा आदेश मोडला तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, आणि मोडतच राहिला तर दिवसाला 5,000 पर्यंत. म्हणजे सगळा जोर त्या आदेशात आहे, आणि आदेश अर्जाशिवाय निघत नाही.

आई 78 वर्षांची. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत दोन तास उभी राहते. – बुलडाणा जिल्हा

उभं राहायची गरज नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण कायदा, 2007, कलम 20: सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग. साठीच्या पुढचे सगळे यात आले. वैद्यकीय अधीक्षकांना अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. आठवड्यात खिडकी सुरू झाली नाही तर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, 14567 वर, फोन करा.

आमच्या वस्तीत सिस्टर फिरकत नाही. लसीकरण देवळाच्या सभामंडपात ठेवतात, तिथं आमच्या बाया जायला कचरतात. अंगणवाडीत पोषण आहाराचं पाकीट फाटकाबाहेर ठेवलं जातं. दाखल्यावर ‘बौद्ध’ आहे, तर अ‍ॅट्रॉसिटी लागते का? सरपंच म्हणतात, आपसात मिटवा. – वाशीम जिल्हा

दाखल्याचं आधी, कारण हा प्रश्न विदर्भात घरोघरी आहे. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर कागदावर धर्म बदलला आणि ‘आता तुम्ही अनुसूचित जातीत कुठं’ हे ऐकणं नशिबी आलं. 1990 मध्ये अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. तेव्हा हो, कायदा लागतो. दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख असला म्हणजे ठाण्यात वाद घालायला जागा उरत नाही.

1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटीत, 2015 ची दुरुस्ती 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली. तिच्यात दवाखाना आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हे शब्द स्पष्ट आले. तिथं जाण्यापासून अडवणं हा गुन्हा, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. अडवणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हा कायदा लागत नाही. पण 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा कुणालाही लागतो, आणि दवाखान्यात घेतल्यावर वेगळी वागणूक देणंही त्यात येतं.

आता तुमच्या तीन तक्रारी वेगवेगळ्या करा, एकत्र बांधू नका. फाटकाबाहेरचं पाकीट सर्वांत स्पष्ट. बाकी मुलांना आत आणि तुमच्या मुलांना बाहेर, हे दोन महिन्यांच्या तारखांसह लिहा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला द्या. देवळाची गोष्ट जास्त बारीक आहे. कुणी तुम्हाला ‘येऊ नका’ म्हटलेलं नाही, जागाच अशी निवडली की तुम्ही येणार नाही. याला कोर्टात अडवणूक ठरवणं कठीण जाईल. प्रशासनात मात्र सोपं आहे, कारण लसीकरणाच्या जागा आरोग्य केंद्राच्या कृती आराखड्यात लिहिलेल्या असतात आणि तालुका आरोग्य अधिकारी त्या एका सहीनं बदलू शकतो. समाजमंदिर किंवा शाळा सुचवा.

सिस्टरचं तपासून पाहा. एकेका उपकेंद्राला अनेक गावं असतात, ती कुणाच्याच घरी जात नसेल तर तो आळस किंवा अपुरी माणसं, जात नव्हे. गावातल्या पाच आणि वस्तीतल्या पाच बाळांची लसीकरण कार्डं शेजारी ठेवा. गावाच्या कार्डावर तारखा वेळेवर आणि वस्तीच्या कार्डावर दोन-दोन महिने मागे असतील, तर त्या दहा कार्डांच्या झेरॉक्सपुढे कुठल्याही अधिकाऱ्याला तोंडी बोलून निभावता येत नाही.

‘आपसात मिटवा’ याचं उत्तर: अर्जानं सुटत असेल तर जरूर सोडवा, मीही आधी अर्जच सुचवते. पण अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला की तो चावडीवर बसून मिटवता येत नाही. आणि तक्रार दिल्यावर ‘आधी चौकशी करतो’ म्हणून पोलिसांना गुन्हा लांबवता येत नाही, कलम 18अ पाहा. तपास उपअधीक्षक दर्जाचाच अधिकारी करतो. हेल्पलाइन 14566. वकिलाचा खर्च नाही, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा 15100 लावा.

मुलगी सिकलसेलग्रस्त. दुखणं उठलं की नेतो, तर नर्स म्हणते नाटक करते, सुईची सवय लागली. – गडचिरोली जिल्हा

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, त्याचं दुखणं बाहेरून दिसत नाही. बहुधा ना सूज, ना जखम, आणि पोर गडाबडा लोळते. म्हणून ‘नाटक’. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मधल्या 21 प्रकारांत सिकलसेल आहे, आणि कलम 25 प्रमाणे दिव्यांगांना तपासणीत व उपचारात प्राधान्य द्यायचं आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा. ते दाखवल्यावर ‘नाटक’ म्हणणं अवघड होतं. ज्यांच्या अंगात दोष आहे पण आजार नाही त्या वाहकांना हे प्रमाणपत्र मिळत नाही, ग्रस्तांनाच.

पत्राच्या शेवटी मुलीच्या लग्नाचं विचारलंत. रिपोर्ट कुणाला दाखवायचा ते तुमच्या घरानं ठरवायचं. आरोग्य कर्मचाऱ्यानं परस्पर सोयऱ्यांना सांगायचं नाही. पण तुम्ही मात्र मुलाकडचा रिपोर्ट मागाच. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळ ग्रस्त असण्याची शक्यता 25 टक्के असते. तुमची मुलगी स्वतः ग्रस्त आहे, त्यामुळे मुलगा वाहक निघाला तर ती 50 टक्क्यांवर जाते.

मी खासगी डॉक्टर. सगळ्यांना सारखंच तपासतो, जात विचारत नाही. मग हे कायदे माझ्यावर कशाला? – वर्धा जिल्हा

डॉक्टर, तुमचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे हे तुमच्याच लेटरहेडवर छापलंय. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसालाही तुम्ही बाकीच्यांसारखेच वीस पायऱ्या देता. दिव्यांगांच्या 2016 च्या कायद्यात हेही भेदभावात मोडतं: गरजेपुरता बदल करून देण्यास नकार. लिफ्ट लावा असं कुणी म्हणत नाही. आठवड्यात ठरावीक वेळी खाली, मेडिकलच्या बाजूच्या खोलीत तपासलंत तरी चालेल. खासगी रुग्णालयातही अडथळे नकोत असं कलम 25 सांगतं.

एचआयव्हीच्या रुग्णाची सुई चुकून टोचेल ही भीती तुम्ही पत्रात पुढे लिहिलीत, ती खरी आहे. तिच्यावर उपाय रुग्ण हाकलणं नाही. हातमोजे, प्रत्येक रुग्णासाठी तीच काळजी, आणि टोचलंच तर लगेच सुरू करायच्या गोळ्या. एचआयव्हीच्या 2017 च्या कायद्यानं ही सोय कर्मचाऱ्यांना करून देणं तुमच्यावर घातलंय, म्हणजे तो तुमच्या नर्सच्या बाजूचाही कायदा आहे. आणि अपघाताचा पेशंट असो की सापाचा, तातडीचा उपचार आधी, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा प्रकरणात 1989 लाच सांगितलंय.

मेळघाटातली आशा आहे. पोटावर डंब्याचे डाग असलेलं बाळ आणलं की डॉक्टर आईवर ओरडतात, ‘तुम्ही लोक सुधारणार नाही’. ती कोरकू बोलते, तिला निम्मं कळत नाही. पुढच्या खेपेला बाया येतच नाहीत. – धारणी तालुका

आशाताई, डंबा म्हणजे गरम विळ्याचे चटके तान्ह्या पोटावर देणं वाईटच, त्यावर माझं दुमत नाही. पण त्या आईनं बाळ शेवटी दवाखान्यात आणलंय. ओरडा खाऊन परतली तर पुढचं बाळ ती भूमकाकडेच, गावच्या वैदूकडेच, नेईल.

‘तुम्ही लोक’ हा शब्द गुन्हा होतो का? सगळ्यांसमोर, अपमान करायच्या हेतूनं, जमातीवरून बोललं असेल तर होऊ शकतो. पण मी तुम्हाला तो रस्ता आधी सुचवणार नाही. तुम्हाला त्याच आरोग्य केंद्रात रोज काम करायचंय. कायद्यापेक्षा इथं धोरण उपयोगी आहे. आदिवासी भागातल्या बालमृत्यूंसाठी राज्यात 1995 पासून नवसंजीवनी योजना आहे आणि तिचा आढावा घेणारी गाभा समिती आहे. तिच्यापुढे दोनच मागण्या ठेवा: ओपीडीच्या वेळेत कोरकू बोलणारी एक बाई आरोग्य केंद्रात बसवणं, आणि डाग दिसले तर विचारपूस वेगळ्या खोलीत, तुम्ही सोबत असताना. गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये ‘सर्च’ या संस्थेनं दवाखानाच आदिवासी गावासारखा बांधला, नाव आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं दिलं, नातेवाइकांना राहायची सोय केली. तेवढं तुमच्याकडे लगेच होणार नाही.

अर्ज तुमच्या नावानं देऊ नका. ग्रामसभेचा ठराव करून घ्या आणि त्यावर पाच-सहा आयांचे अंगठे असू द्या. परत न आलेल्या बायांची यादी, तारखेसह, तुमच्या डायरीत आहेच. तिची प्रत ठरावाला जोडताना नावं झाका, फक्त गाव आणि तारीख ठेवा.