जुन्या विलीज जीपचे व्हॅक्यूम वायपर चढावर थांबतात, मारुती ८०० ची मोटर बसेल का?

बसेल, पण मारुतीची मोटर हा लांबचा रस्ता आहे. ट्रॅक्टर-जेसीबीच्या केबिनवर येते ती १२ व्होल्टची छोटी वायपर मोटर घ्या. मारुतीच्या मोटरचा शाफ्ट गोल फिरतो, त्यामुळे ते फिरणं ब्लेडच्या मागेपुढे हालचालीत बदलायला क्रँक आणि लिंकेज (जोडदांडे) लागतं, आणि दुमडणाऱ्या काचेच्या चौकटीत त्याला जागाच नसते. केबिनच्या मोटरचा शाफ्ट स्वतःच इकडून तिकडे हलतो, म्हणजे चौकटीला भोक पाडून थेट ब्लेड लावता येतं. जीपच्या कामात ही जोडणी नेहमीची आहे. तुमचे वायपर थांबतात कारण ते इंजिनच्या मॅनिफोल्डमधल्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या) व्हॅक्यूमवर चालतात आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तो व्हॅक्यूमच पडतो. नेमका घाटात, पावसात! बसवताना एवढं बघा:

- जुना व्हॅक्यूम पाइप काढल्यावर मॅनिफोल्डचं तोंड बूच लावून पक्कं बंद करा. नाहीतर तिथून हवा ओढली जाऊन आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं चालणं) बिघडतं.
- अर्थिंगसाठी (करंट परत जाण्यासाठी) वेगळी वायर बॉडीपर्यंत आणा. बिजागऱ्यांवर रंग आणि गंज असतो, त्यांच्या भरवशावर मोटर रडतखडत चालते.
- फ्यूज हवाच.
- मोटरचा स्वीप (ब्लेड इकडून तिकडे किती फिरतं ते) आणि ब्लेडची लांबी आधी काचेवर धरून बघा, ब्लेड चौकटीवर आपटता कामा नये.

फक्त गाडी अजून मूळच्या ६ व्होल्टवर असेल तर आधी वायरिंग १२ वर न्यावं लागेल. ६ वर ही मोटर नीट ओढणार नाही.