ब्रिटिश-आयरिश विनोदी लेखक स्पाइक मिलिगनच्या दुसऱ्या महायुद्धातल्या आठवणींचे सात खंड कोणत्या क्रमाने वाचावेत?

प्रकाशनक्रमानेच. सुरुवात ‘अ‍ॅडॉल्फ हिटलर: माय पार्ट इन हिज डाउनफॉल’ (१९७१) पासून करा: इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेक्सहिलमधली तोफखान्याची भरती-कवायत ते १९४३ मध्ये अल्जीयर्सला उतरणं. दुसऱ्या-तिसऱ्यात उत्तर आफ्रिका.

चौथा, ‘मुसोलिनी’ (१९७८), मात्र सावकाश वाचा. जानेवारी १९४४ मध्ये इटलीत उखळी तोफगोळ्याने मिलिगन जखमी होतो, मनानेही कोसळतो. आधीचे तीन खंड वाचलेले असले तरच ती पडझड अंगावर येते. म्हणून इथून सुरुवात नको. पुढच्या तीन खंडांत लढाई जवळपास नाहीच, करमणुकीचे कार्यक्रम आहेत: आधी सैनिकांसाठीचे, शेवटच्या खंडात युद्धानंतरचे.

नवे वाचक या पुस्तकांतले हिटलरचे संवाद खरे समजून गोंधळतात. ते रचलेले आहेत. तारखा, ठिकाणं, तुकडीच्या हालचाली यांना मात्र डायऱ्या-पत्रांचा आधार आहे.

मिलिगन जन्मला अहमदनगरला, १९१८ मध्ये. बालपणाचा काही काळ पुण्यात गेला.