कोकणात फिरणाऱ्या जीपचे इंजिन थंड कसे राहील?

तुम्ही जीपला विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र), लोखंडी बंपर आणि जादा दिवे बसवले असतील, तर रेडिएटरकडे जाणाऱ्या हवेची वाट थोडीफार अडली आहे, हे आधी लक्षात घ्या. कुंभार्ली घाट चढताना किंवा लो गिअरमध्ये चिखलातून जाताना गाडीचा वेग इतका कमी असतो की समोरून वारा मिळत नाही आणि सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून पंख्याभोवतीचे आवरण कधीही काढू नका. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आसपासची गरम हवाच घुसळत राहतो.

आपल्याकडे जांभ्याची लाल माती रेडिएटरच्या जाळीत बसते आणि वाळली की विटेसारखी घट्ट होते. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या धारेने गोडे पाणी मारा. जोरदार फवाऱ्याने जाळीची नाजूक पाती वाकतात. समुद्रकिनारी गेला असाल तर त्याच दिवशी धुवा, कारण खारे पाणी ॲल्युमिनियम पोखरते.

विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घ्या. झाकणाचे रबरही तपासा, कारण दाब टिकला तर हे मिश्रण १२० अंशांपर्यंतही उकळत नाही. माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप, एका मेकॅनिकने ‘गरजच नाही’ म्हणून काढला होता. घाटात इंजिन तापायचे ते तापलेच, कारण खरा दोष मातीने बुजलेल्या जाळीत होता.

तापमानाचा काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण सोडा, सावलीत थांबा. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका.