नाइन्थ ग्रेडचा फॉर्म आणि क्लबांची भेळ

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. लेक सप्टेंबरात नाइन्थ ग्रेडला जाईल, इलेक्टिव्हचा, म्हणजे आपल्या आवडीने निवडायच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. तिला थिएटर हवंय, नवरा म्हणतो कॉम्प्युटर सायन्सच घे. त्यात ओळखीतल्या मुली स्टुडंट कौन्सिल, समाजसेवेचा 'की क्लब', डेका आणि एफबीएलए हे बिझनेसवाले क्लब अशा चार-चार ठिकाणी आहेत. मी पुण्याला शिकले, आमच्या शाळेत वर्गाची मॉनिटर झालं की संपलं! काही कळत नाहीये.
– गोंधळलेली आई

उत्तर : अगं, तो फॉर्म म्हणजे काही सातबारा नाही, बहुतेक शाळा सुरुवातीचे थोडे दिवस बदल करू देतात, काउन्सेलरला मेल टाकायची. आणि नवऱ्याला एक गोष्ट सांग. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला निदान १२० क्रेडिट (प्रत्येक कोर्स पुरा केला की मिळतात ते) लागतात आणि त्यातले ५ व्हिज्युअल किंवा परफॉर्मिंग आर्टचे असावेच लागतात. म्हणजे थिएटर आज घेतलं तरी वाया जात नाही, उलट एक खातं आत्ताच मिटतं (तुमच्या शाळेत तो कोर्स त्यात धरतात ना, एवढं विचारून घे).

कॉम्प्युटरसाठी टेन्थ आहेच की. त्यात दोन एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे कोर्स असतात आणि आपले लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. कॉम्प्युटर सायन्स ए म्हणजे जावामध्ये सरळसरळ प्रोग्रामिंग. प्रिन्सिपल्स त्यामानाने नवा, २०१६-१७ पासूनचा, त्यात इंटरनेट, डेटा, प्रायव्हसी असं सगळं येतं आणि मुलांना स्वतःचा एक प्रोग्राम बनवावा लागतो, त्याला ३० टक्के वजन. आधी हा मग तो असा काही नियम नाही, पण ज्या मुलीने कधी कोड लिहिलाच नाही तिला मी प्रिन्सिपल्सच सांगेन. माझ्या मुलाने त्यात घरी भांडी कोणी घासायची याच्या पाळ्या लावणारा प्रोग्राम केला होता, महिनाभराने लेकीच्या लक्षात आलं की शनिवार-रविवारी याचं नाव कधी येतच नाही! मार्क मात्र चांगले पडले.

आता क्लब. कॉलेजसाठी कॉमन अ‍ॅप भरतात त्यात अ‍ॅक्टिव्हिटीच्या जागा १०, आणि प्रत्येकीचं वर्णन १५० अक्षरांत, स्पेस धरून. लग्नपत्रिकेत तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असतं ना, त्याच्याहून जरा ऐसपैस इतकंच. माझी लेकही आधी पाच क्लबात होती. त्यातल्या एकात एकूण मुलं चार, एक प्रेसिडेंट, एक व्हाइस प्रेसिडेंट, एक ट्रेझरर आणि ही सेक्रेटरी. साधा मेंबर कोणीच नाही! वर्षभरात मीटिंगा तीन झाल्या, पैकी एक टीशर्टच्या रंगावरून.

नंतर ती रोबोटिक्सला गेली, फर्स्ट म्हणून संस्था आहे त्यांच्या स्पर्धेला. जानेवारीच्या सुरुवातीला एका शनिवारी त्या वर्षीचा खेळ सगळ्या टीमना एकदम कळतो आणि मग पुढचे कित्येक आठवडे मुलं शाळेच्या वर्कशॉपमध्येच पडीक. हिला ना कोड येत होता ना वेल्डिंग. हिने काय केलं, नटबोल्टचे साठेक डबे लावले, आपण वाणसामानाचे लावतो तसे, वर चिकटपट्टीवर मापं लिहून. स्पर्धेत रोबोचा हात निखळला, पुढची मॅच आठ मिनिटांवर आणि अख्खी टीम हिच्या नावाने ओरडतेय, कारण कुठला स्क्रू कुठे हे फक्त हिलाच पाठ. पुढच्या वर्षी पिटची, म्हणजे स्पर्धेत रोबो दुरुस्त करायच्या जागेची सगळी जबाबदारी हिच्याकडे आली, निवडणूक वगैरे काही नाही, कोणी दुसरं नावच घेतलं नाही.

तेव्हा पहिल्या वर्षी दोन क्लब, फार तर तीन, आणि एक दुपार पूर्ण मोकळी. नॅशनल ऑनर सोसायटी या हुशार मुलांच्या मानाच्या संस्थेवरून कोणी आत्ताच डोकं खाल्लं तर सांग, नाइन्थला त्यात घेतच नाहीत.

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात असतो. मुलगा स्टुडंट कौन्सिलच्या प्रेसिडेंटची निवडणूक हरला, आठवडाभर नीट जेवत नाहीये. मतमोजणी नीट झाली का हे शाळेला विचारावं का?
– एक बाबा

उत्तर : नको हो दादा! त्याला उद्या त्याच कॉरिडॉरमधून जायचंय. तुमच्याकडे बऱ्याच शाळांत एएसबी (म्हणजे विद्यार्थी मंडळ) लीडरशिप हा रोजचा एक तासच असतो, चक्क इलेक्टिव्ह, आणि निवडून येणाऱ्या चार-पाच जणांखेरीज बाकीची मुलं अर्ज आणि मुलाखत देऊन आत येतात. रॅली, होमकमिंग, डान्सची तिकिटं, साउंड सिस्टिम, ही खरी कामं तीच करतात. अर्जाची तारीख त्याची त्यालाच विचारू दे. आणि शाळेला मेल लिहून झाली असेल तर ती ड्राफ्टमध्येच राहू द्या.